मागचे दोन फुगे आणि पत्र्याचे बावीस बोल्ट

माझे पूर्ण नाव, वडिलांचे व पतीचे नाव आणि पत्ता वकीलबाईंनी पहिल्या पानावर टंकून दिले आहेत. ते पुन्हा लिहीत नाही. वय बहात्तर पूर्ण. रसायनशास्त्राची पदवी, तीही वर्गात आम्ही चारच मुली होतो त्या काळातली. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे नोकरी. माझी मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, डोके नाही. काल डॉक्टरीणबाईंनी माझी परीक्षा घेतली: आजचा वार, तारीख, आणि शंभरातून सात-सात वजा करत खाली या म्हणाल्या. मी दोनपर्यंत आले आणि पुढे ऋण संख्या हव्यात का असे विचारले, तेव्हा त्यांनी दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

हे मी स्वखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर दडपण कुणाचे नाही. दडपण आणू शकेल असा एकच माणूस होता, तो सहा वर्षांपूर्वी गेला, आणि त्यानेही ते कधी आणले नाही.

कलम १. पाच वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात माझ्या दिरांपुढे ‘काहीही नाही’ असे स्पष्ट लिहिले होते, आणि ते लिहिताना माझा हात जराही थांबला नव्हता. त्या एका ओळीसाठी हे नवे मृत्युपत्र करावे लागत आहे. बाकीची कलमे तिच्यासोबत आली आहेत.

वारसांची नावे जोडपत्रात आहेत. इथे मी सगळ्यांना घरात जे म्हणते तेच लिहीन, नाहीतर परक्यांची वाटणी करते आहे असे मलाच वाटेल. माझे पती म्हणजे मेस्त्री. सारी गल्ली त्यांना तेच म्हणे आणि मीही. त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे भाऊजी. थोरला मुलगा परगावी नोकरी करतो. धाकटी मुलगी आमचे वर्कशॉप चालवते. हत्तीण म्हणजे गाडी. तिच्याबद्दल पुढे येईलच. खरे तर हे सगळे तिच्याबद्दलच आहे.

कलम २. वर्कशॉपच्या वरच्या तीन खोल्या दोन्ही मुलांना सारख्या. थोरल्याला आपला हिस्सा विकायचा झाला तर त्याने आधी बहिणीला विचारावे, आणि विचारताना ‘आई असती तर हो म्हणाली असती’ हे वाक्य वापरू नये. मी हो म्हणाले नसते. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते, हे नव्या राहणाऱ्याला सांगावे. तीन भाडेकरूंनी ती तोडली आहे.

कलम ३. बँकेत जे असेल ते दोघांना सारखे. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. माझ्या बांगड्या धाकटीला. ती घालणार नाही, ग्रीस लागते म्हणते. तरीही तिलाच.

कलम ४. काचेची दोन ब्युरेट आणि लहान तराजू, जे मी माझ्या पगारातून घेतले होते, ते शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावे. त्या वेळच्या मुख्याध्यापकांना काहीही नाही. एकतीस वर्षांत त्यांनी मला एकदाही वर्गावर जाऊ दिले नाही. ‘तुम्ही लॅबवाल्या, तुम्ही बाटल्या सांभाळा.’ हे ‘काहीही नाही’ मी पूर्ण विचारांती देत आहे आणि ते रद्द होणार नाही.

कलम ५. वर्कशॉपचा आमच्या बाजूचा अर्धा भाग, गाडी उचलायची लिफ्ट, गाडीखाली उतरायचा खड्डा आणि मेस्त्रींची सगळी हत्यारे धाकटीला. टॉर्क पाना कुणालाही उसना देऊ नये. शेजारच्या टायरवाल्यांनाही नाही, ते खाली साक्षीदार म्हणून सही करणार असले तरी. त्यांनी मागे नेलेला जॅक दीड वर्षाने आला आणि तो आमचा नव्हता.

‘आमच्या बाजूचा अर्धा भाग’ असे का लिहावे लागते, ते आता सांगते.

कलम ६. हत्तीण ही पांढरी रुग्णगाडी. तिच्या मागच्या दोन चाकांवर लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे होते. बटण दाबले की फुग्यांतली हवा सुटायची, गाडीचा मागचा भाग वीतभर खाली यायचा आणि चाकाची खुर्ची सरळ आत ढकलता यायची. पुन्हा बटण दाबले की कॉम्प्रेसर घरघर करत हवा भरायचा आणि गाडी उठायची. दोघा भावांनी मिळून ती घेतली होती, आसपासच्या आजारी माणसांना इस्पितळात नेण्यासाठी. नंतर माझ्या सासूबाई घसरून पडल्या, कंबर गेली, आणि आठवड्यातून तीनदा त्यांनाच न्यावे लागू लागले. नाव त्यांनी ठेवले. “बसवलीत का तुमची हत्तीण? मग चढते मी.”

तेव्हापासून आमच्याकडे दोन शब्द रूढ झाले. बटणाने खाली घेतली तर ‘बसवली’. आपली आपण खाली आली तर ‘बसली’. एका अक्षराचा फरक. बसवली म्हणजे सोय, बसली म्हणजे गळती.

एकोणीस वर्षांपूर्वी ती बसायला लागली. संध्याकाळी उभी करावी आणि सकाळी बघावे तर मागून टेकलेली. कॉम्प्रेसर दिवसभर धावून जळला. नवा घातला, तोही तसाच तापायला लागला.

गळती शोधायचे काम माझे होते. भांडी घासायचा साबण, पाणी आणि थोडे ग्लिसरीन, प्रमाण माझे स्वतःचे. ब्रशने लावायचे आणि बघत राहायचे. हवा सुटत असेल तिथे बुडबुडा धरतो आणि ग्लिसरीनमुळे फुटायच्या ऐवजी वाढत जातो. दोन्ही भाऊ हाताचे चांगले होते, पण धीर धरून बघत बसणे दोघांच्याही अंगात नव्हते. ते मी करत असे आणि मी सांगेन ते शेवटचे असे.

त्या दिवशी गाडी लिफ्टवर वर घेतलेली होती. चाके लोंबत होती, फुगे पूर्ण ताणलेले. अकरा वाजता शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि अंगावर इस्त्रीची साडी. मी दोन्ही फुग्यांना साबण लावला, दहा मिनिटे पाहिले. काही नाही.

भाऊजी मागे उभे होते. “वहिनी, डावा फुगा फाटलाय. मला वासावरून कळतं. शिळ्या रबराचा वास येतो.”

“वास तुमच्या मोज्यांचा असेल, भाऊजी. बुडबुडा दाखवा.”

“गाडी खाली घेऊन बघू या का? बसलेली असताना? खड्ड्यात उतरून?”

“ह्या साडीवर मी खड्ड्यात उतरू? बुडबुडा नाही म्हणजे गळती नाही.”

मेस्त्री हात पुसत म्हणाले, “तिने बघितलंय. संपलं. व्हॉल्व्हचा दोष आहे.”

मी वेळेवर शाळेत पोचले. परीक्षा नीट झाली.

व्हॉल्व्ह इथे मिळेना, तीन आठवडे गेले. सासूबाईंना दोघांनी उचलून भाड्याच्या गाडीत कोंबावे लागे आणि त्या ओठ चावत. शेवटी मेस्त्री स्वतः दुसऱ्या शहरात व्हॉल्व्ह आणायला गेले. तो रविवार होता. सोमवारी ते खोके काखेत मारून परत आले तर हत्तीण ताठ उभी. मागे दोन काळ्या लोखंडी स्प्रिंगा. फुगे कोपऱ्यात.

“हे काय केलंस?”

“आईला आज जायचं होतं, दादा. नेऊन आणलं.”

“चांगले फुगे काढलेस तू.”

“चांगले असते तर गाडी रोज सकाळी नमस्कार घालत नसती. स्प्रिंग टाकली, विषय मिटला. ना कॉम्प्रेसर, ना व्हॉल्व्ह, ना रोजची कटकट.”

“स्प्रिंगला काही कळतं का? आत आई बसलीय की सिमेंटची पोती, तिला सगळं सारखंच.”

“आणि तुझ्या फुग्याला सगळं कळतं. म्हणून लाजून खाली बसतो.”

मग भाऊजी माझ्याकडे वळले. ते वळणे मला अजून दिसते. चेष्टा नव्हती त्यात. “वहिनी, एकदाच सांगा. तुमची खात्री आहे ना?”

मी म्हणायला हवे होते, थांबा, पुन्हा बघते. तीन शब्द. मी म्हणाले, “बुडबुडा नाही म्हणजे गळती नाही.”

दोघे भाऊ त्या दिवशी जे बोलले ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही.

त्या स्प्रिंगा भरल्या गाडीच्या मापाच्या होत्या, एका हलक्या म्हातारीसाठी फार कडक. गाडी आता खाली बसत नव्हती म्हणून फळी लावून खुर्ची वर चढवायची. घरापासून इस्पितळापर्यंत बारा गतिरोधक. मी शेजारी बसे. “झाले किती?” सासूबाई विचारत. “सात.” “म्हणजे अजून पाच.” असे साडेसहा महिने. त्या वयाने गेल्या, दुखण्याने गेल्या. स्प्रिंगने कुणी मरत नाही. पण मेस्त्री भावाला म्हणाले, “शेवटी शेवटी तिला दगडावर बसवलंस.” त्यानंतर आजवर भाऊजी आमच्याशी असे कधी बोललेच नाहीत, एक वेळ सोडून.

न्यायाचे म्हणून हेही लिहिते की भाऊजींनी घातलेल्या त्या स्प्रिंगांनी या गाडीला एकदाही रस्त्यात थांबवले नाही. फुगे काढल्यामुळे चालकासमोरचा बिघाडाचा पिवळा दिवा मात्र तेव्हापासून पेटलेलाच राहिला. त्यावर काळी चिकटपट्टी मी लावली. पट्टीच्या कडेने तो अजून दिसतो.

सासूबाई गेल्यावर पुढच्या महिन्यात वर्कशॉपच्या मधोमध पत्र्याची भिंत उभी राहिली. ती दोघा भावांनी मिळून बांधली. एक इकडून, एक तिकडून, एक शब्द न बोलता. त्यांनी एकत्र केलेले ते शेवटचे काम. काम उत्तम आहे, पत्रा कुठे वाजत नाही.

कलम ७. हे कलम लिहू नये असे वकीलबाईंचे मत आहे.

“बाई, मृत्युपत्रात एवढं सगळं लिहायची गरज नसते.”

“मग कुठे लिहू?”

त्यांनी पेनाला टोपण लावले. शहाण्या आहेत.

डावा फुगा फाटलेला होता. भाऊजींचे बरोबर होते.

मेस्त्रींनी दोन्ही फुगे पत्र्याच्या ट्रंकेत घालून माळ्यावर ठेवले होते. चांगल्या मालाचा पुरावा म्हणून. आठ वर्षांपूर्वी मी निवृत्त, रिकामी, माळा आवरायला काढला. फुगे दिसले. म्हटले बघू तरी. डाव्यात हातपंपाने थोडी हवा भरली, तोंड बंद केले, धुण्याच्या टबात उभा धरला. काही नाही. माझे जुने निरीक्षण बरोबर निघाल्याचा मला आनंदही झाला, हे लपवत नाही. मग टबापलीकडचा ब्रश घ्यायला वाकले आणि तोल जाऊन माझा सगळा भार फुग्यावर पडला. फुगा दबला. रबराच्या खालच्या घडीतून बुडबुड्यांची बारीक रांग वर आली.

मी हात काढला. रांग बंद. दाबला. रांग सुरू. घडी वाकली की चीर उघडत होती, ताठ झाली की मिटत होती. गाडी उभी असताना ती कुणालाच दिसली नसती. बसलेली असताना, खड्ड्यातून, कुणालाही दिसली असती. शाळेत मी मुलांना प्रत्येक निरीक्षण तीनदा घ्यायला लावत असे. त्या दिवशी मी अकरा वेळा घेतले.

खालून मेस्त्रींनी हाक मारली, “काय चाललंय वर?”

“ट्रंक आवरतेय.”

का नाही सांगितले, याचे कारण मी फार वर्षे मोठ्या शब्दांत शोधले. कारण लहान आहे. घाबरले. ज्या माणसाने माझ्या दहा मिनिटांवर सख्खा भाऊ तोडला, त्याला ती दहा मिनिटे चुकीची होती हे सांगायचे कसे? पुढच्या आठवड्यात सांगू म्हटले. दोन वर्षे गेली आणि मेस्त्री अंथरुणाला खिळले.

शेवटचे तीन आठवडे राहिले असतील तेव्हा भाऊजी जिना चढून आले. दुपार होती. हातात कापडी पिशवी.

“वहिनी, पाच मिनिटं. बोलणार नाही काही. नुसता बसेन.”

“डॉक्टरांनी भेटायला मनाई केलीय, भाऊजी.”

“मग इथे दाराशी बसू?”

“नको.”

डॉक्टरांनी मनाई केलेली नव्हती. दोघे बसले असते तर बोलले असते, बोलले असते तर फुग्यावर आले असते, आणि फुग्यावर आले असते तर दोघांनी माझ्याकडे पाहिले असते. भाऊजींनी पिशवी पायरीवर ठेवली, जरा थांबले, आणि उचलून परत नेली. आत काय होते ते मला माहीत नाही.

आतून मेस्त्रींनी विचारले, “कोण होतं?”

“टायरवाले.”

टायरवाल्यांना हे आज सही करताना कळेल.

मेस्त्री गेल्यावर मी पहिले मृत्युपत्र केले आणि त्यात भाऊजींपुढे ‘काहीही नाही’ लिहिले. कायम चिडलेले राहिले की खरे सांगायची वेळ येत नाही. हे मी तेव्हा जाणून केले.

गेली दोन वर्षे सोमवार, बुधवार, शुक्रवार मला डायलिसिसला जावे लागते. धाकटी नेते, याच गाडीतून, त्याच स्प्रिंगांवरून. गतिरोधक आता चौदा आहेत. मी विचारते, “झाले किती?” ती म्हणते, “मोजू नको गं आई, मोजलं की जास्त लागतात.” गाडीत माझ्याशिवाय कायमची तीन आजारी माणसे असतात. त्यांतल्या शिवणवाल्या बाई फळीवरून चढताना दरवेळी डोळे मिटून घेतात.

धाकटीला पुन्हा फुगे बसवायचे आहेत. माझ्यासाठी नको म्हणून मी तिला दोनदा झिडकारले. थोरला फोनवर म्हणतो, “भंगारात दे ना आता. नवी घेऊ.” तो प्रेमाने म्हणतो, पण तो आठवड्यातून तीनदा मागे बसत नाही.

कलम ८. म्हणून हत्तीण धाकटी आणि भाऊजी या दोघांना मिळून. निम्मी-निम्मी नव्हे, मिळून. तिचे सामान आधीच निम्मे-निम्मे झालेले आहे: मेस्त्रींनी आणलेला व्हॉल्व्ह अजून खोक्यात आमच्या कपाटात आहे, आणि दुसरा कॉम्प्रेसर व बटणाची पेटी भाऊजींनी पलीकडे मेणकापडात गुंडाळून ठेवली आहे, असे टायरवाले सांगतात. दोन्ही बाजू एकत्र आल्याशिवाय ती बसवता येणार नाही.

नवे फुगे घालून दुरुस्त करायची की स्प्रिंगाच ठेवायच्या, हे मी ठरवणार नाही. माझा निकाल एकदा मानून झाला आहे. फुगे घातले तर तपासणी तीन उंचीला करावी: उभी, मधली आणि बसवलेली; आणि शेवटच्या वेळी दोघांनी खड्ड्यात उतरावे. साबणाचे प्रमाण कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे. स्प्रिंगा ठेवल्या तर आतल्या माणसाच्या वजनाच्या, मऊ घ्याव्यात. काहीही ठरले तरी पिवळ्या दिव्यावरची पट्टी काढावी.

भाऊजींचे निदान बरोबर होते आणि उपाय घाईचा. मेस्त्रींचे निदान चूक होते आणि फुगेच ठेवायचा आग्रह बरोबर. दोन्ही चुकांच्या मुळाशी मी होते. एवढे धाकटीने थोरल्याला फोनवर नीट वाचून दाखवावे.

माळ्यावरची ट्रंक, दोन्ही फुग्यांसह, भाऊजींना. सोबत टब द्यावा. डावा फुगा पाण्यात धरून वरून दाबावा. त्यांना ते बघायला मिळावे. त्यांना आलेल्या वासावर मी विश्वास ठेवला नाही, निदान स्वतःच्या डोळ्यांवर तरी त्यांना ठेवता येईल.

कलम ९. पत्र्याची भिंत. ती उभ्या लोखंडी पट्ट्यांना बावीस बोल्टांनी आवळलेली आहे. सगळ्या बोल्टांची डोकी आमच्या बाजूला आहेत, सगळे नट भाऊजींच्या बाजूला. एकट्याने कितीही जोर लावला तरी बोल्ट नुसता जागच्या जागी गरगर फिरतो. धाकटीने मागे एकदा मला न सांगता प्रयत्न करून पाहिला आहे, खुणा दिसतात. दोन्हीकडून दोन माणसांनी दोन पाने धरावे लागतात.

मेस्त्रींच्या पेटीत दहाच्या मापाचे दोन रिंग पाने आहेत. एक धाकटीला, एक भाऊजींना. भाऊजींचा पाना हत्यारांच्या वाटणीत धरू नये, तो वेगळा आहे.

पत्र्याच्या खाली चार बोटे फट आहे. सुरुवातीच्या वर्षात एकदा आमचा सतराचा सॉकेट घरंगळत पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फटीच्या अलीकडे होता, पुसून स्वच्छ केलेला. त्यानंतर जे जे गेले ते सगळे पुसून परत आले. मेस्त्री बघायचे, उचलायचे आणि पेटीत ठेवायचे.

कलम १०. माझ्यामागे भाषणे नकोत. मला शेवटी हत्तिणीतूनच न्यावे, म्हणजे इतर कुणाची गाडी अडणार नाही. गतिरोधकांवर वेग कमी करायची गरज नाही.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे काम वकीलबाईंकडे. साक्षीदार म्हणून भाऊजींनी सही करावी असे माझ्या मनात होते, पण ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष दिली तर त्याचे मिळणे बाद होते असे वकीलबाई म्हणाल्या. मग राहू दे. साक्षीदार ते आधीपासूनच होते, फक्त त्यांची साक्ष कुणी घेतली नाही.

वरील सर्व मी वाचले, पुन्हा वाचले, आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले. थकले आहे, पण मजकूर माझाच आहे.

सही करणारीची सही: (सही)

आम्हा दोघांच्या देखत सही झाली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.
साक्षीदार १: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: टायरवाले (सही, ‘मी त्या दुपारी आलो नव्हतो’ असे त्यांनी बाजूला स्वतःहून लिहिले आहे, ते तसेच राहू द्यावे)
ठिकाण: वर्कशॉपच्या ऑफिसची खोली
१७ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

पुरवणी

काल बुधवारी डायलिसिसहून परत येताना नवव्या गतिरोधकावर माझ्या तोंडून आवाज निघाला. पुढचे पाच धाकटीने पायी चालल्यासारखे ओलांडले. घरी येऊन मी कलम ९ पुन्हा वाचले. त्याप्रमाणे भाऊजींना पाना माझ्या मृत्यूनंतर मिळायचा होता. भाऊजी एकोणसत्तर वर्षांचे आहेत आणि मी कधी मरेन हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. एवढा वेळ हातात आहे असे धरणे चूक आहे.

म्हणून त्या कलमात पुढील बदल करते. आज गुरुवारी सकाळी साडेदहाला मी स्वतः जिना उतरून खाली गेले. सात पायऱ्यांनंतर एकदा बसले. पत्र्याजवळ स्टूल घेतले. पलीकडे हातोडी चालू होती. कलम ७ ची नक्कल मी घडी करून पान्याच्या रिंगमध्ये अडकवली आणि पाना फटीतून पलीकडे सरकवला. हातोडी थांबली. मग बराच वेळ काही नाही. भाऊजींना वाचायला चष्मा लागतो आणि तो कुठे ठेवला हे त्यांना कधीच आठवत नाही.

धाकटीला मी दुसरा पाना काढून ठेवायला सांगितले आहे. “कशाला?” म्हणाली. “दहाचा आहे का ते बघ,” म्हटले.

आता दुपारचे चार वाजत आले आहेत. या फटीतून गेलेली वस्तू आजवर पुसून परत आली आहे. पाना परत आलेला नाही. पलीकडून आवाज नाही. पण पत्र्यावरून, एका बोल्टामागोमाग दुसऱ्या बोल्टापाशी, गंज सोडवायच्या तेलाचा वास येतो आहे. बुडबुडा नाही, तरी हा वास मी पुरावा म्हणून ग्राह्य धरते.

सही करणारीची सही: (सही)
साक्षीदार १: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: टायरवाले (सही, वास त्यांनाही आला)
ठिकाण: पत्र्याजवळचे स्टूल
१९ फेब्रुवारी २०२६, गुरुवार